पाचव्यांदा सिगारेट सोडताना

वाचकाचे पत्र :

स. न. वि. वि. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी आहे. वय ४६. विसाव्या वर्षापासून सिगारेट ओढतो; हंगामात दिवसाला बारा-पंधरा, एरवी आठ-दहा. सकाळी उठल्याउठल्या पहिली लागते, त्याशिवाय पोट साफ होत नाही. आजवर चार वेळा सोडली. २००९ च्या पाडव्याला सोडली ती नऊ दिवस टिकली. २०१४ मध्ये मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, ती दीड महिन्यात मोडली. २०१७ मध्ये सिगारेटऐवजी मावा धरला आणि चार महिन्यांत दोन्ही सुरू झाले. मावा कष्टाने सुटला, सिगारेट राहिली. २०१९ च्या जानेवारीत सोडली ती सात महिने टिकली. ऑगस्टच्या महापुरात गावभागातल्या घरात पाणी शिरले, आम्ही विश्रामबागेत मेहुण्यांकडे गेलो, तिथे एकाने सिगारेट पुढे केली आणि मी ती घेतली. तेव्हापासून लपवून ओढतो. घरच्यांच्या समजुतीप्रमाणे माझी सिगारेट २०१९ मध्येच सुटली आहे.

गेल्या आठवड्यात दहावीतल्या मुलीने स्कूटरच्या डिकीतून रेनकोट काढताना कागदात गुंडाळलेल्या दोन सिगारेटी आणि लायटर पाहिला. तिने सगळे होते तसे ठेवून डिकी लावली. काही बोलली नाही. तीन दिवसांनी वडिलांचे श्राद्ध होते. वडील विडी ओढायचे, दम्याने ६१ व्या वर्षी गेले. आईने त्यांच्या पानाशेजारी विडी ठेवली. मला घास गिळवला नाही. माझी इच्छाशक्तीच कमी आहे का? दिवसाला दोनवर आणली तर चालणार नाही का? पितृपंधरवडा संपला की घटस्थापनेला पुन्हा सोडावी म्हणतो. पण घरी काय सांगू?

– एक दिवाणजी, सांगली

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुम्ही हिशेबाचे माणूस आहात, म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी तुम्हीच लिहून पाठवलेल्या आकड्यांतून देतो. पहिल्या खेपेला नऊ दिवस, दुसऱ्या खेपेला दीड महिना, मधली मावा धरल्याची खेप बाजूला ठेवू, आणि शेवटच्या खेपेला सात महिने. जानेवारी ते ऑगस्ट म्हणजे हळदीचा अख्खा हंगाम त्यात आला. सौद्याची गडबड, बाहेरगावचे व्यापारी, रात्री उशिरापर्यंत जुळवायच्या पट्ट्या, दर तासाला येणारा चहा, हे सगळे तुम्ही २०१९ मध्ये एकही सिगारेट न ओढता पार पाडले होते. पत्रात तुम्ही हंगामात सिगारेट वाढते असे लिहिले आहे, पण हंगाम सिगारेटशिवाय निघू शकतो याचा पुरावाही त्याच पत्रात आहे आणि तो तुमच्या नजरेतून सुटला आहे. दोनशेहून अधिक दिवस रोज सकाळी उठून जो माणूस ओढत नाही, त्याची इच्छाशक्ती कमी आहे असे म्हणायला मला काहीच आधार सापडत नाही.

मग सुटत का नाही, याचे कारण शरीरात आहे आणि ते नीट समजून घेतले की स्वतःला दोष देणे बरेच कमी होते. धूर छातीत गेल्यापासून दहा-वीस सेकंदांत निकोटीन मेंदूपर्यंत पोहोचते आणि तिथे डोपामाइन सुटते, म्हणजे क्षणभर बरे वाटते. रोजच्या सवयीने मेंदूतील निकोटीन पकडणाऱ्या जागांची संख्या वाढते आणि त्या जागा रिकाम्या राहिल्या की बेचैनी सुरू होते. रक्तातील निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. म्हणून दोन तासांनी हात खिशाकडे जातो, ओढल्यावर बरे वाटते, आणि आपण म्हणतो की सिगारेटने ताण गेला. प्रत्यक्षात आधीच्या सिगारेटने मागे ठेवलेली बेचैनी पुढच्या सिगारेटने तात्पुरती मिटवलेली असते. रात्रभर झोपेत निकोटीन उतरत जाते, त्यामुळे सकाळची पहिली सिगारेट सर्वांत हवीशी वाटते. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर अवलंबित्व जास्त आहे असे डॉक्टर धरतात, आणि तुमचे तसे आहे. याचा अर्थ तुम्हाला नुसत्या निश्चयापेक्षा अधिक मदत लागेल, इतकाच.

आता माझ्याविषयी थोडे सांगतो, कारण हे मी लांबून लिहीत नाही. मी एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो आणि बहुतेक वर्षे रात्रपाळी केली. एकविसाव्या वर्षी लागलेली सिगारेट त्रेचाळिसाव्या वर्षी सुटली आणि मधल्या काळात मी ती पाच वेळा सोडून पाच वेळा धरली. दुसऱ्या खेपेला मी औदुंबरला जाऊन दत्ताच्या पादुकांसमोर शपथ घेतली होती. अठराव्या दिवशी रात्री दोनच्या सुमाराला, शेवटचे पान यायला उशीर झाला म्हणून सगळे बाहेर जाऊन उभे राहिले आणि मी त्यांच्यात जाऊन उभा राहिलो. त्या एका सिगारेटने शरीराचे जे काय झाले असेल ते असो, पण शपथ मोडली या विचाराने मी दुसऱ्या दिवसापासून पूर्वीपेक्षा जास्त ओढू लागलो, कारण आता राखण्यासारखे काही उरले नव्हते. आणि त्याहून वाईट म्हणजे पुढची दोन वर्षे मी औदुंबरला गेलो नाही. भिलवडीला कामासाठी जायचो, नदीपलीकडे देऊळ आहे हे माहीत असायचे आणि मी आल्या वाटेने परत यायचो. एका सिगारेटपायी मी माझे देवस्थान स्वतःला बंद करून घेतले होते, आणि हे समजायला मला फार वेळ लागला.

तुमच्या बाबतीत देवळाच्या जागी तुमची मुलगी आहे. तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवलात तेव्हा ती चार-पाच वर्षांची असेल, तिला कदाचित ते आठवतही नसेल. पण तुम्हाला आठवते, आणि म्हणून तुम्ही तिच्यापासून लपता. शपथ घेण्यामागची तुमची तळमळ मी कमी लेखत नाही. माझे म्हणणे असे की शपथेत दोनच रकाने असतात, पाळली किंवा मोडली, आणि निकोटीन सुटताना बहुतेकांचा प्रवास या दोन रकान्यांत बसत नाही. अनेकांना चार-पाच किंवा त्याहून अधिक प्रयत्न करावे लागतात. एखादी सिगारेट ओढली गेली तर ती एक चूक असते. ती लपवावी लागली की मात्र तिला सोबत लागते, दुसरी, तिसरी, आणि मग रोजची. म्हणून या खेपेला शपथ घेऊ नका, ही माझी पहिली आणि आग्रहाची विनंती आहे.

महापुराच्या दिवसांकडेही या दृष्टीने पुन्हा पाहा. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते आणि गावभागातल्या माणसांनी घर, सामान, झोप, सगळेच गमावले होते. अशा दिवशी पुढे केलेली सिगारेट घेतली गेली, यासाठी मी तुम्हाला एक शब्दही लावणार नाही. पण दुसऱ्या दिवशी काय झाले? तुम्ही ते लिहिले नाही. माझा अंदाज असा की दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः जाऊन विकत घेतली, आणि घेताना मनात होते की आता सुटलीच होती ती लागली. सात महिन्यांनंतरची ती एक सिगारेट होती; पुराचे पाणी ओसरल्यावर तुम्ही घर धुऊन पुन्हा राहायला गेलात, तसेच तिच्यानंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा थांबता आले असते. हे तुम्हाला कुणी त्या वेळी सांगितले नाही, आणि ज्यांनी सांगायचे त्या घरच्यांना तुम्ही कळू दिले नाही.

दिवसाला दोनवर आणण्याचा तुमचा विचार मला पटत नाही आणि त्याची दोन कारणे आहेत. संख्या कमी केली की माणूस उरलेल्या सिगारेटी अधिक खोल आणि अगदी टोकापर्यंत ओढतो, हे नकळत घडते. शिवाय हृदयाच्या बाबतीत धुराचा हिशेब सरळ पटीचा नाही: दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या जवळजवळ निम्मा भरतो. दोन सिगारेटींत धोका दहाव्या हिश्श्यावर येईल असे तुम्ही धरले असेल, तर ते तसे नाही. आणि आठ-दहाची सवय असलेल्या माणसाला दोनवर थांबणे हे अजिबात न ओढण्यापेक्षा अवघड जाते, कारण दिवसभर मन त्या दोनचीच वाट पाहत बसते.

उलट बाजूचा हिशेब आशेचा आहे. इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफोर्ड हिल यांनी १९५१ पासून हजारो डॉक्टरांच्या धूम्रपानाची आणि आयुष्याची नोंद ठेवायला सुरुवात केली, आणि पन्नास वर्षांचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरीने सुमारे दहा वर्षे आधी गेले. पण ज्यांनी चाळिसाव्या वर्षाच्या सुमारास सोडली त्यांना त्यातील नऊ वर्षे परत मिळाली, पन्नाशीत सोडणाऱ्यांना सहा, साठीत सोडणाऱ्यांनाही तीन. तुम्ही ४६ चे आहात. तुमचे वडील ६१ व्या वर्षी गेले. त्यांच्या पानाशेजारी ठेवलेल्या विडीकडे पाहताना तुमच्या मनात काय आले असेल याची मला कल्पना आहे, आणि म्हणूनच हे आकडे तुमच्यापुढे मांडावेसे वाटले. एक वर्ष सिगारेट बंद राहिली की हृदयविकाराचा वाढीव धोका सुमारे निम्म्यावर येतो. यासाठी साठीपर्यंत थांबावे लागत नाही.

माव्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण सिगारेट सोडताना तो पुन्हा पुढे केला जाईल; सांगली-मिरजेच्या कुठल्याही टपरीवर तो सहज मिळतो. माव्यात तेच निकोटीन आहे, शिवाय सुपारी स्वतःच कर्करोगाला कारणीभूत ठरते, मग तिच्यात तंबाखू असो वा नसो. आपल्या तासगाव तालुक्यातील अंजनीचे आर. आर. आबा पाटील १६ फेब्रुवारी २०१५ रोजी तोंडाच्या कर्करोगाने गेले, तेव्हा ते ५७ वर्षांचे होते. त्या दिवशी या जिल्ह्यातल्या घराघरांत जे वाटले होते ते तुम्ही विसरला नसाल. तोंडात काही ठेवावेसे वाटलेच तर लवंग, वेलदोडा, भाजलेली बडीशेप ठेवा; सुगंधी सुपारीसुद्धा नको.

आता घटस्थापनेविषयी. पितृपंधरवड्यात नवे काही सुरू करू नये ही आपल्याकडची रीत मी मानतो, पण सिगारेट थांबवणे हे नवे कार्य नाही आणि त्याला मुहूर्त लागत नाही. मुहूर्तावर सोडलेली सिगारेट पुन्हा शपथेसारखी होते. दुसरे असे की तुम्हाला त्याआधी दोन कामे करायची आहेत आणि त्यांना आठ-दहा दिवस लागतील. घटस्थापनेच्या आसपासचा एखादा साधा वार निवडा, जेव्हा घरात पाहुणे नाहीत आणि दुकानात वर्षातले मोठे काम नाही. नवी हळद येईपर्यंत तुमच्या हाती तीन-चार महिने असतील, आणि तेवढा काळ पुरेसा आहे.

पहिले काम डॉक्टरांकडे जाण्याचे. तुम्ही रक्तदाबाविषयी काही लिहिले नाही, पण या वयात तो एकदा मोजून घ्या आणि मी सिगारेट सोडणार आहे, औषधाची मदत हवी आहे, असे स्पष्ट सांगा. बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लीन ही दोन औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळतात आणि ती ठरवलेल्या दिवसाच्या साधारण आठवडाभर आधी सुरू करावी लागतात, म्हणून आधी जाणे महत्त्वाचे. पूर्वी कधी फेफरे आले असेल तर तेही सांगा, कारण मग बुप्रोपिऑन देत नाहीत. निकोटीनची च्युइंग गम हा तिसरा मार्ग आहे आणि तो अनेकांचा चुकतो. माझाही पहिल्यांदा चुकला होता: मी ती साध्या गमसारखी चघळत राहिलो, लाळ गिळली, उचक्या लागल्या, घशात आणि छातीत जळजळ झाली आणि दोन दिवसांत मी पाकीट फेकून दिले. ती सावकाश चावायची, तोंडात चुणचुण जाणवली की थांबून गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायची, चुणचुण कमी झाली की पुन्हा थोडी चावायची. असे साधारण अर्धा तास. आधी पंधरा मिनिटे आणि गम तोंडात असताना चहा घ्यायचा नाही, नाही तर निकोटीन नीट शोषले जात नाही. पहिले काही आठवडे दर एक-दोन तासांनी, मग हळूहळू कमी करत तीन महिन्यांत बंद. पहिली सिगारेट उठल्याउठल्या लागणाऱ्यांना २ मिलिग्रॅमची पुरत नाही, ४ मिलिग्रॅमची लागू शकते; ते डॉक्टर ठरवतील. गममध्येही निकोटीनच आहे, मग फायदा काय, असे तुम्हाला वाटेल. निकोटीन सवय लावते. कर्करोग आणि फुप्फुसाचे आजार मुख्यतः जळलेल्या तंबाखूच्या धुरातील इतर रसायनांमुळे होतात, आणि गममध्ये तो धूर नाही.

डॉक्टरांचा खर्च किंवा वेळ ही अडचण असेल तर सिव्हिलमध्ये तंबाखू सोडण्याच्या समुपदेशनाची चौकशी करा. १८००-११-२३५६ हा शासनाचा मोफत क्रमांक आहे, तिथे बोलून सोडण्याचा दिवस ठरवता येतो आणि पुढे तेच फोन करून विचारपूस करतात. हा क्रमांक २०१८ पासून प्रत्येक पाकिटावर छापला जातो. पण तुमच्या डिकीत दोन सिगारेटी कागदात गुंडाळलेल्या होत्या, म्हणजे तुम्ही सुट्या घेता. महाराष्ट्रात सुट्या सिगारेटी विकायला सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, तरी टपरीवर त्या मिळतात. सुटी घेणाऱ्याला पाकिटावरचे इशाऱ्याचे चित्रही दिसत नाही आणि हा क्रमांकही दिसत नाही, म्हणून तो इथे मुद्दाम लिहिला.

दुसरे काम तुमच्या सवयीचे आहे. ठरवलेल्या दिवसाच्या आधी चार दिवस प्रत्येक सिगारेटची नोंद करा, जशी रोजकीर्द लिहिता तशी: वेळ, जागा, सोबत कोण, आणि ती नसती तर चालले असते का. मी ही नोंद केली तेव्हा दिवसातल्या चौदांपैकी निम्म्या सिगारेटी मला नको असतानाही ओढल्या गेल्या होत्या, कारण कुणीतरी उठून बाहेर गेले होते. तुमच्याही नोंदीत बहुधा सकाळची, चहाबरोबरची आणि रात्री घरी जाण्याआधीची अशा तीन खऱ्या जड जागा सापडतील. टपरीवाल्याकडे उधारीचे खाते असेल तर ते पूर्ण चुकते करा आणि त्याला सांगा की मी मागितली तरी देऊ नका. उधारी उघडी ठेवली की तिथे जावे लागते, आणि गेले की घेतली जाते. स्कूटरच्या डिकीतला लायटरही काढून टाका.

सकाळच्या पोटाच्या तक्रारीची अनेकांना लाज वाटते, म्हणून तुम्ही ती मोकळेपणाने लिहिलीत याचे मला बरे वाटले. निकोटीन आतड्यांना चालना देते, त्यामुळे सोडल्यावर दोन-तीन आठवडे पोट साफ होत नाही, आणि कित्येक जण केवळ एवढ्या कारणाने चौथ्या-पाचव्या दिवशी परत ओढतात. रात्री ईसबगोल घ्या, सकाळी दोन भांडी कोमट पाणी पिऊन पंधरा मिनिटे चाला, जेवणात भाकरी, पालेभाजी आणि कोशिंबीर वाढवा. आतडी आपल्या लयीवर येतात. चहाही निम्मा करा. याचे कारण फारसे कुणी सांगत नाही: सिगारेटच्या धुरामुळे शरीर चहातले कॅफिन जलद बाहेर टाकत असते, आणि धूर बंद झाला की तेवढ्याच चहाने रक्तात जास्त कॅफिन राहते. सोडल्यानंतरची धडधड, झोप न लागणे आणि चिडचिड यांत या चहाचा वाटा असतो. दुकानात अर्धा कप मागा आणि तो उभ्याने बाहेर न पिता आपल्या गादीवर बसून प्या.

पहिले तीन दिवस सर्वांत कठीण असतात, त्यानंतर तीव्रता उतरत जाते आणि तीन-चार आठवड्यांत बरीच ओसरते. तलफ आली की ती काही मिनिटांची असते, मग ओढा अथवा ओढू नका, ती जाते. तेवढी मिनिटे काढायला काम लागते: पाणी पिणे, पट्टीची बेरीज पुन्हा तपासणे, यार्डात एक फेरी मारून येणे. वजन चार-पाच किलो वाढू शकते, त्याची काळजी पुढे करता येईल. खोकला सुरुवातीला वाढल्यासारखा वाटतो, कारण धुराने निकामी झालेले श्वासनलिकेतले सूक्ष्म केस पुन्हा काम करून साचलेला कफ वर ढकलू लागतात. मात्र तुमच्या दुकानात हळदीची धूळ आहे, तेव्हा पोती उपसताना नाकातोंडाला रुमाल नव्हे तर मास्क लावा. आणि दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला, थुंकीत रक्त दिसले किंवा वजन घटू लागले तर सिगारेट सोडल्याचा खोकला म्हणून अंगावर काढू नका, थुंकी आणि छाती तपासून घ्या. धूम्रपानाने क्षयरोगाचा धोकाही वाढतो.

आता घरी काय सांगायचे, ज्यासाठी तुम्ही खरे तर पत्र लिहिले आहे असे मला वाटते. तुमच्या पत्नीला काही माहीत नाही, असे तुम्ही गृहीत धरले आहे. मला ते शक्य वाटत नाही. सिगारेटचा वास ओढणाऱ्याला येत नाही, बाकी सर्वांना येतो, सदऱ्याला, केसांना, स्कूटरच्या डिकीतल्या रेनकोटलाही. बहुधा त्या वाट पाहत आहेत. तुमच्या मुलीने डिकी लावून घेतली आणि ती बोलली नाही, हे तिने तुमच्यासाठी केले. तुम्हाला अपमान वाटू नये म्हणून पंधरा वर्षांच्या मुलीने ते एकटीने स्वतःजवळ ठेवले आहे. दहावीच्या वर्षात तिच्याजवळ ते ओझे जास्त दिवस राहू देऊ नका. घटस्थापनेची वाट पाहू नका, हे काम या आठवड्यात करा.

तिला आणि पत्नीला एकत्र बसवून सांगा, लांबण न लावता. सांगा की २०१९ च्या पुरात पुन्हा सुरू झाली, लाजेने लपवली, तू डिकीत पाहिलेस हे मला कळले, अमुक तारखेपासून थांबणार आहे, डॉक्टरांकडे जाऊन आलो आहे. कधीच ओढणार नाही, असे म्हणू नका. चूक झाली तर त्याच रात्री सांगेन, एवढे म्हणा. हे वचन पाळणे तुमच्या हातात आहे. आणि त्यांच्याकडून एक मागून घ्या: पहिले तीन आठवडे मी चिडलो तर मनावर घेऊ नका, आणि खिसे तपासू नका, वास घेऊ नका. पहारा बसला की माणूस पुन्हा लपवायला शिकतो. मुलगी रागावली, रडली, किंवा आधी का सांगितले नाही असे विचारले, तर ऐकून घ्या. तिला समजावण्याची घाई करू नका.

मी सहाव्या खेपेला सोडली तेव्हा शपथ घेतली नव्हती. पाचव्या आठवड्यात मिरजेला एका नातेवाइकाच्या तेराव्याला गेलो आणि तिथे मागच्या अंगणात एक ओढली. घरी आल्यावर हात धुण्याआधी पत्नीला सांगितले, कारण धुतले असते तर सांगणे झाले नसते. तिने विचारले, ‘किती?’ मी म्हणालो, ‘एक.’ ती आत गेली आणि जेवायला वाढले. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने मला उठवले आणि आम्ही चालत हरिपूरला गेलो, संगमेश्वराचे दर्शन घेतले, घाटावर कृष्णा-वारणेच्या संगमाकडे बघत थोडा वेळ बसलो आणि परत आलो. त्या सिगारेटविषयी पुन्हा बोलणे झाले नाही. त्यानंतर मी ओढलेली नाही. पुढच्या पौर्णिमेला मी औदुंबरलाही जाऊन आलो.

तुमच्या आईंना मात्र त्या विडीबद्दल काही बोलू नका. गेलेल्या माणसाला आवडायचे ते त्याच्या पानाशेजारी ठेवायचे, एवढाच त्यांचा भाव होता, आणि तो त्यांचा राहू द्या. पुढच्या वर्षी तुम्हाला वाटले तर, आणि तोवर त्यांना तुमचे सांगून झालेले असेल तर, त्याविषयी बोलता येईल. आईंना स्वतःला मिश्रीची सवय असेल, आपल्याकडे त्या पिढीतल्या पुष्कळ बायकांना असते, तर तीही तंबाखूच आहे. पण तुमच्या पहिल्या महिन्यात तो विषय काढू नका, वादाला जागा होते आणि वादानंतर सिगारेट आठवते.

थांबल्यानंतर दहाव्या दिवशी मला पत्र लिहा. किती दिवस झाले हे मला पत्रावरच्या तारखेवरून कळेल. पहिल्या सकाळी काय केलेत, दुकानातला अर्धा कप चहा कसा गेला, आणि मुलगी काय म्हणाली, ते लिहा. मधे एखादी ओढली गेली असेल तर तीही वेळ आणि जागेसह लिहा, म्हणजे पुढच्या आठवड्याचे आपल्याला ठरवता येईल.